खुब्यातलं जातं

नवीन जातं घरात आलं किंवा जुन्याला पाथरवटानं टाकी लावली, की पहिलं दळण माणसांच्या ताटात जात नसे. आमची आजी आधी मूठमूठ भरड घालून जातं फिरवून घ्यायची, ते पीठ बाजूला झाडून टाकायची आणि मगच ज्वारी ओतायची. त्या पहिल्या पिठाची भाकरी दाताखाली कचकचते. दगडावर दगड फिरला, की दोन्ही तळ्या थोड्या थोड्या पिठात उतरतात. पुढे त्या एकमेकींना रुळतात आणि कचकच कमी होते. पण झीज थांबत नाही. थांबली असती, तर पुन्हा टाकी लावायची वेळच आली नसती.

माणसाच्या खुब्यात धातूवर धातू फिरवला, तर त्याचं पीठ कुठं जातं? हा प्रश्न जगभरच्या हजारो रुग्णांना फार महागात पडला. त्यात मुंबई-पुण्याचेही रुग्ण आहेत.

आपला खुबा म्हणजे उखळीत बसलेला गोळा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत फिरतं. दोघांवर गुळगुळीत कूर्चेचं अस्तर असतं, मध्ये बुळबुळीत वंगण. संधिवातानं ते अस्तर झिजलं किंवा रक्तपुरवठा तुटून गोळा आतून मेला, की पाऊल टाकणं नको होतं. आपल्याकडे तरुणांत हा दुसरा प्रकार, डॉक्टर ज्याला एव्हीएन म्हणतात, बराच दिसतो. मग खराब गोळा काढायचा, मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवायचा, त्याच्या डोक्यावर नवा गोळा आणि उखळीत नवी वाटी. खाटेला खिळलेली माणसं या ऑपरेशननं चालू लागतात. म्हणून जे पुढे लिहिणार आहे, ते वाचून कुणी खुब्याच्या ऑपरेशनलाच घाबरू नये. प्रश्न एवढाच असतो, की गोळा कशाचा आणि वाटी कशाची.

इंग्लंडमध्ये लँकेशायरातल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली या सर्जननं १९५०च्या दशकाच्या शेवटी धातूच्या गोळ्याला टेफ्लॉनची वाटी दिली. टेफ्लॉन निसरडं, म्हणून घर्षण कमी, असा त्याचा हिशेब होता. तीन-चार वर्षांत वाट्या झिजल्या आणि टेफ्लॉनच्या किसाभोवती शरीरानं गाठी धरल्या. एकेक रुग्ण परत येऊ लागला. चार्नली परदेशी गेला असताना त्याच्या कार्यशाळेतल्या हॅरी क्रेव्हन या तंत्रज्ञानं एका विक्रेत्यानं दिलेला पॉलिथिलीनचा तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. साहेबांनी आधी तो तुकडा नाकारला होता. यंत्र दिवसरात्र फिरत राहिलं आणि तुकडा जवळपास झिजलाच नाही. चार्नलीनं परत आल्यावर आपली चूक मान्य केली, पण पुढे त्यानं जे केलं त्यासाठी मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो. टेफ्लॉन आणि पॉलिथिलीन, दोन्हींचा कीस त्यानं स्वतःच्या मांडीत टोचून घेतला आणि टेफ्लॉनच्या जागी गाठ येते हे स्वतःच्या शरीरावर तपासलं. नोव्हेंबर १९६२ पासून धातूचा गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी ही जोडी रुग्णांना बसू लागली. आजही जगातल्या बहुतेक कृत्रिम खुब्यांत वाटीचं अस्तर त्याच जातीच्या, पण सुधारलेल्या प्लास्टिकचं असतं.

तरीही धातूवर धातूची ओढ संपली नाही. नॉरिचच्या जॉर्ज मॅकी यांनी धातूच्या दोन्ही भागांचे खुबे १९६०च्या दशकात बसवले होते. त्यातले बरेच ढिले झाले आणि १९७०च्या दशकात ती पद्धत मागे पडली. पण प्लास्टिकचीही एक खोड होती. त्याचा बारीक कीस शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी गिळायच्या, चिडायच्या, आणि त्यांच्या चिडण्यातून आजूबाजूचं हाडच विरघळायचं. सत्तरीच्या माणसाला ते चालून जाई. चाळिशीतल्या माणसाला उरलेली तीस-चाळीस वर्षं तोच खुबा पुरणार कसा? स्वित्झर्लंडच्या बर्नहार्ड वेबर यांनी १९८८ मध्ये धातूवर धातूची जोडी पुन्हा आणली. बर्मिंगहॅमच्या डेरेक मॅकमिन यांनी १९९१ पासून गोळा न कापता त्यावर धातूची टोपी चढवायची पद्धत वाढवली. यंत्रावर मोजलं, तर धातूची झीज प्लास्टिकच्या मानानं कितीतरी कमी भरत होती. शिवाय गोळा मोठा करता येई, आणि मोठा गोळा वाटीतून सहजासहजी निसटत नाही. आपल्याकडे तर हे बोलणं मनाला भिडणारंच होतं. ज्या समाजात मांडी घालून जेवायचं, उकिडवं बसून शौचाला जायचं, देवासमोर गुडघे टेकायचे, तिथं खुबा निसटणार नाही आणि हालचाल मोकळी राहील, असं सांगितल्यावर चाळिशीतला एव्हीएनचा रुग्ण नाही का म्हणेल?

पण यंत्रातला खुबा सरळ, मापात, स्वच्छ वंगणात हलतो. माणसातला खुबा सर्जनच्या हातानं बसलेला असतो. कधी थोडा उभा, कधी थोडा कलता. धातूवर धातू तेव्हाच नीट चालतो, जेव्हा दोघांमध्ये वंगणाची अतिशय पातळ साय टिकून राहते. वाटी उभी बसली, की गोळ्याचा भार मधल्या भागावरून काठावर येतो. काठावर साय टिकत नाही, आणि तिथून पुढं किसणीचं काम सुरू होतं.

याच ठिकाणी एएसआर या नावाचा खुबा अडकला. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातल्या डीप्यू कंपनीचं हे उत्पादन २००३ पासून अमेरिकेबाहेर विकलं जाऊ लागलं. २००५ मध्ये त्याचा दांडा असलेला प्रकार अमेरिकेतही आला. त्याची वाटी इतरांपेक्षा उथळ होती. उथळ वाटीत काठ जवळ येतो, म्हणजे बसवण्यातली जी थोडी चूक दुसऱ्या खुब्यात खपली असती, ती इथं खपत नव्हती. लहान मापाच्या गोळ्यांत हे आणखी बिघडे, आणि लहान माप म्हणजे बहुतेक वेळा बायका. इंग्लंडमधल्या नॉर्थ टीस रुग्णालयातले टोनी नर्गोल आणि डेव्हिड लँगटन यांनी रुग्णांच्या रक्तातला धातू मोजून हे वेळेवर दाखवून द्यायचा खूप प्रयत्न केला. अमेरिकेतल्या परवानगीची कथा तर वाचताना अंगावर येते. तिथं ‘बाजारात आधीच असलेल्या उपकरणासारखंच हेही’ एवढं दाखवलं, की माणसांवरच्या चाचणीशिवाय वाट मोकळी होत होती. २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या एका अभ्यासानं या खुब्याची ही वंशावळ मागे मागे नेली, तेव्हा ती पाच दशकं आणि नव्वदहून जास्त उपकरणांतून गेलेली निघाली. त्यातली काही तर केव्हाच मोडीत निघालेली होती. म्हणजे जे जातं कुणी एकेकाळी दळायला अयोग्य म्हणून टाकून दिलं, त्याचा दाखला नव्या जात्याला लावला गेला.

ऑस्ट्रेलियानं १९९९ पासून सांधेबदलाची राष्ट्रीय नोंदवही ठेवली होती. त्या वहीतल्या आकड्यांनी आधी बोट दाखवलं, आणि तिथल्या बाजारातून हा खुबा २००९ च्या शेवटी गेला. इंग्लंड आणि वेल्सच्या नोंदवहीनंही पाच वर्षांतच शंभरातले बारा-तेरा खुबे पुन्हा काढावे लागत असल्याचं दाखवलं. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं जगभरातून तो परत बोलावला. तोपर्यंत सुमारे ९३,००० माणसांच्या अंगात तो बसला होता. दोष एका कंपनीच्या एकाच खुब्यापुरता नव्हता, हेही सांगायला हवं. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, चार लाखांहून अधिक ऑपरेशनांच्या अभ्यासात दिसलं, की तरुण बायकांमध्ये ४६ मिलिमीटरच्या गोळ्याचा धातूवर धातू असा खुबा पाच वर्षांत शंभरातल्या सहा जणींना बदलावा लागतो, आणि साध्या २८ मिलिमीटरच्या, प्लास्टिकच्या वाटीच्या खुब्यात हेच प्रमाण दीडच्या आसपास राहतं.

आता त्या पिठाकडे वळू. या खुब्यांचा धातू म्हणजे कोबाल्ट आणि क्रोमियम यांचं मिश्रण. त्यात साधारण साठ टक्क्यांहून जास्त कोबाल्ट, तिसऱ्या हिश्श्याच्या आत क्रोमियम, थोडं मॉलिब्डेनम आणि नावापुरतं निकेल. झीज वजनानं कमी असते हे खरं. पण प्लास्टिकचा कण मोठा आणि धातूचा कण इतका सूक्ष्म, की वर्षाला काही लाख कोटी कण सुटतात. ते कण पेशींमध्ये शिरतात, विरघळतात आणि विरघळलेला धातू रक्तात उतरतो. दांडा आणि गोळा जिथं एकमेकांत घट्ट बसवतात, त्या सांध्यातूनही धातू सुटतो, आणि दांडा असलेल्या मोठ्या गोळ्यांत तर हा दुसरा झराच कित्येकदा जास्त वाहतो.

असा खुबा पुन्हा उघडल्यावर काय दिसतं, ते सर्जन सांगतात तेव्हा ऐकवत नाही. सांध्याचं निरोगी अस्तर गुलाबी असतं. इथं ते शिशाच्या रंगाचं, काजळी फासल्यासारखं असतं. पिशवी फोडली, की राखाडी किंवा मळकट पिवळं पाणी भळभळतं. कधी त्याला पूच समजलं जातं, पण जंतू सापडत नाहीत. आजूबाजूला मऊ, मेलेल्या ऊतींचा गोळा. २००८ मध्ये ऑक्सफर्डच्या सर्जननी अशा गोळ्यांना ‘आभासी गाठ’ असं नाव दिलं. त्यांनी नोंदवलेले सतराही रुग्ण स्त्रियाच होत्या. गाठ कर्करोगाची नसते, तरी ती मांडीच्या नसा दाबते, आणि नितंबाचे जे स्नायू चालताना आपल्याला एका पायावर तोलून धरतात, तेच पोखरते. म्हणून उशीर झाला, की खुबा बदलूनही लंगडणं जात नाही. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोठं नुकसान हेच आहे. धातू काढता येतो, स्नायू परत आणता येत नाही.

काही लोकांना इतकं होतं आणि काहींना त्याच खुब्यानं काहीच होत नाही, ते का? इथं धातूच्या वावड्याचा प्रश्न येतो. खोटे दागिने ‘लागणाऱ्या’ बायका प्रत्येक घरात आहेत. कानाची पाळी चिघळते, घड्याळाच्या पट्ट्याखाली किंवा जीन्सच्या बटणाखाली चट्टा उठतो. तो निकेलचा प्रताप. गवंडीकाम करणाऱ्यांच्या हातांना सिमेंट ‘उलतं’, बोटांना भेगा पडून खाज सुटते, त्यात सिमेंटमधल्या क्रोमियमचा मोठा वाटा असतो. धातूचा विरघळलेला कण एकटा शरीराला ओळखू येत नाही. तो आपल्याच प्रथिनाला चिकटतो, आणि मग टी-पेशींना ते आपलं प्रथिन परकं वाटू लागतं. एकदा ओळख पटली, की ती पेशी विसरत नाही. पुढच्या वेळी दोन-तीन दिवसांनी, उशिरानं, पण जोरात प्रतिक्रिया उठते.

खुब्याभोवती काढलेल्या ऊतींत अशाच पेशींची दाटी सापडते. पण सरळ हिशेब मांडायला गेलं, तर अडचण येते. त्वचेच्या चाचणीत धातू लागणारे सर्वसाधारण लोकांत शंभरात दहाच्या आसपास. चांगला चाललेला सांधा असणाऱ्यांत ते प्रमाण पंचवीसपर्यंत. आणि ज्यांचा सांधा फसला त्यांच्यात साठपर्यंत, असं २००१ मधल्या एका गाजलेल्या आढाव्यात मांडलेलं आहे. आता वावडं होतं म्हणून सांधा फसला, की सांधा फसून धातू पाझरला म्हणून वावडं जडलं? दोन्ही घडतं. काही रुग्णांत झीज भयंकर असते आणि ऊती निव्वळ धातूच्या विषानं मरतात. काहींत झीज मोजायला गेलं तर नगण्य, तरी शरीर पेटून उठतं. कान चिघळणाऱ्या बाईचा खुबा चिघळेलच असं नाही, कारण त्वचेतल्या पहारेकरी पेशी निराळ्या आणि हाडाजवळच्या निराळ्या. तरी ऑपरेशनआधी सर्जनला ‘मला खोटे दागिने लागतात’ हे वाक्य सांगायला लाजू नये. पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन आणि चार दिवसांनी वाचायची चाचणी सगळ्यांना लागत नाही. ज्यांना असा इतिहास आहे त्यांच्या बाबतीत ती निवडीला मदत करते. सिरॅमिकचा गोळा किंवा टायटॅनियमचे भाग असे पर्याय असतात.

रक्तात उतरलेला कोबाल्ट खुब्यापाशी थांबत नाही. १९६०च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये बिअरचा फेस टिकावा म्हणून त्यात कोबाल्टचा क्षार मिसळला गेला आणि भरपूर बिअर पिणाऱ्यांची हृदयं फुगून निकामी झाली, कित्येक दगावले. तेच पुढे खुब्यातून घडलं. अलास्काचे अस्थिशल्यविशारद स्टीफन टॉवर स्वतः एएसआरचे रुग्ण. त्यांच्या कानात आवाज येऊ लागले, हात थरथरू लागले, स्वभाव चिडका झाला. त्यांच्या रक्तात लिटरमागे १२२ मायक्रोग्रॅम कोबाल्ट सापडला, जो सर्वसाधारणपणे एकाहून कमी असतो. खुबा बदलल्यावर ते सावरले आणि २०१० मध्ये त्यांनी स्वतःचा आजार लिहून इतर डॉक्टरांना सावध केलं. जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये २०१२ मध्ये एक पंचावन्न वर्षांचा माणूस आला. हृदय कमकुवत, ताप, थायरॉइड मंद, कान बधिर, डोळे जवळजवळ गेलेले. कुठल्याच विभागाला पत्ता लागेना. त्याचा आधीचा सिरॅमिकचा खुबा फुटला होता आणि त्याजागी धातूचा गोळा व प्लास्टिकची वाटी बसवलेली होती. फुटलेल्या सिरॅमिकचे आत राहिलेले कण त्या धातूला पॉलिश-कागदासारखे घासत होते. तिथले प्राध्यापक युर्गन शेफर यांना हे सुचलं टीव्हीवरच्या एका वैद्यकीय मालिकेतल्या रुग्णावरून, जी ते विद्यार्थ्यांना शिकवताना वापरत. खुबा बदलला आणि हृदय बऱ्यापैकी सावरलं. या माणसाची वाटी प्लास्टिकची होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

भारतात एएसआरची सुमारे ४,७०० ऑपरेशनं झाली. २०११ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं, महेश झगडे आयुक्त असताना, मुंबईत पोलिसांत तक्रार नोंदवली. देशात इतर कुणाच्या आधी पाऊल उचललं ते आपल्या राज्यानं. केंद्रानं मात्र डॉ. अरुणकुमार अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला २०१७ उजाडलं. अमेरिकेत नोव्हेंबर २०१३ मध्येच सुमारे आठ हजार रुग्णांसाठी अडीच अब्ज डॉलरांची तडजोड झाली होती. इथं भरपाईचं सूत्र ठरलं २०१८ च्या अखेरीस, वय आणि अपंगत्व पाहून ३० लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपास. कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख देण्याची तयारी तिनं दाखवली. पण मला या सगळ्यात सर्वांत जास्त टोचतो तो दुसरा आकडा. त्या ४,७०० पैकी साडेतीन हजारांवर रुग्णांचा माग लागलाच नाही. स्वीडननं खुब्यांची राष्ट्रीय वही १९७९ मध्ये उघडली. आपल्याकडे प्रत्येक खुबा सक्तीनं नोंदवणारी वही नव्हती, म्हणून कुणाच्या मांडीत काय आहे हे सांगायलाही कुणी नव्हतं.

ज्यांना धातूवर धातू असा खुबा बसलेला आहे, त्यांनी दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. गाठ कित्येकदा न दुखता वाढते. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांच्या सूचनांप्रमाणे मोठ्या गोळ्याचे, दांडा असलेले धातू-धातू खुबे आणि बायकांमधल्या धातूच्या टोप्या यांची तपासणी दरवर्षी, जन्मभर करायची असते. रक्तात कोबाल्ट किंवा क्रोमियम लिटरमागे ७ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं, की पुढची चौकशी करायची. त्या आकड्यानं लगेच ऑपरेशन ठरत नाही, आणि आकडा कमी आला म्हणून गाठ नाही असंही ठरत नाही. म्हणून धातूमुळे चित्र बिघडू नये अशा खास पद्धतीनं केलेला एमआरआय किंवा सोनोग्राफी लागते. हे रक्त साध्या नळीत घेऊन चालत नाही. त्यासाठी धातूमुक्त नळी वापरतात आणि सुईच्या पोलादाची भेसळ होऊ नये म्हणून पहिलं थोडं रक्त टाकून देतात. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत धातू बाहेर पडत नाही, त्यांनी जास्त जपायला हवं. मांडीच्या सांध्यातून करकर आवाज, जांघेत भरल्यासारखं वाटणं, नवीन लंगडणं, याबरोबरच कानातला आवाज, दिसणं मंदावणं, धाप, हातापायांना मुंग्या, यांतलं काही असेल तर कान-डोळे-हृदयाच्या डॉक्टरांनाही खुब्याबद्दल आपण होऊन सांगावं. ते विचारतीलच असं नाही.

आणि ज्यांना बर्मिंगहॅमची टोपी नीट बसली आहे असे पुष्कळ पुरुष आजही झकास हिंडतात. टेनिसपटू अँडी मरे यांच्या खुब्यावर जानेवारी २०१९ मध्ये धातूची टोपी चढली आणि त्याच ऑक्टोबरात त्यांनी अँटवर्पची स्पर्धा जिंकली. मोठ्या मापाच्या हाडात, सरावलेल्या हातानं बसवलेलं जातं चांगलं चालतं.

२००४ ते २०१० या काळात घरातल्या कुणाचा खुबा बदलला असेल, तर कपाटातली जुनी फाईल काढा. डिस्चार्ज कार्डाच्या मागे किंवा ऑपरेशनच्या नोंदीत छापील लेबलं चिकटवलेली असतात, वाटीचं एक, गोळ्याचं एक, दांड्याचं एक. प्रत्येकावर कंपनीचं नाव, माप आणि एक क्रमांक असतो. लेबलं नसतील, तर रुग्णालयाकडे लेखी मागा. तिथं नाही मिळालं, तर खुब्याचा एक्स-रे घेऊन सर्जनकडे जा. गोळा आणि वाटी दोन्ही सारखीच पांढरीशुभ्र दिसतात का, की मध्ये प्लास्टिकची काळी फट आहे, हे त्यांना एका नजरेत कळतं.